तुझी सावली फोटोत येतेय

"अगं, तू आधी चहा बघ."

सगळ्या हॉलसमोर सर मला म्हणाले. माझा एक हात वर होता. दुसऱ्या हातात किटली होती. पुढच्या खुर्च्यांवरची मुलं मागं वळून बघायला लागली. कोण आहे ती, जिला प्रश्न पडलाय.

भोरला अकरावी सायन्सला होते मी. पुण्याहून एक शास्त्रज्ञ व्याख्यानाला आले होते. फिजिक्समधलं करिअर, असा विषय. फळ्यावर तो रंगीत खडूनं लिहिला होता, भोवती वेलबुट्टी. ती वेलबुट्टी आम्हीच काढलेली. आम्ही म्हणजे गावाकडून येणाऱ्या मुली. सकाळी फिजिक्सच्या सरांनी वर्गाची वाटणी केली. भोर गावातली, डॉक्टर-वकील-बँकवाल्यांची मुलं पुढं बसणार, पाहुण्यांशी संवाद साधणार. भोंगवलीची, वेल्ह्याकडची, धरणाच्या कडेच्या गावांची पोरं खुर्च्या लावणार, सतरंज्या झटकणार, चहा देणार. सरांनी आवाज चढवला नाही. हसतच सांगितलं. आम्ही पण हसतच उठलो. सवय असते.

पण मला प्रश्न विचारायचा होता. फिजिक्समधलाच. आणि समोर बसलेला माणूस त्याच कामाचा होता. असा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. म्हणून हात वर केला.

शास्त्रज्ञ म्हणाले, "विचारू द्या हो तिला. विचार बाळ."

सकाळपासून मी तो प्रश्न मनात शुद्ध भाषेत घोकत होते. तोंड उघडलं आणि घोकलेलं सगळं गेलं. आईशी बोलते तसंच बाहेर आलं.

"सर, राजगडावर सकाळच्या पारी खाली धुकं आसतं तवा आपली सावली त्या धुक्यावर पडती. सावलीच्या डोस्क्याभवती रंगाचं गोल कडं दिसतं. पन फकस्त आपल्याच डोस्क्याभवती. शेजारच्याच्या न्हाई. तसं का?"

"डोस्क्याभवती," पुढून कुणीतरी म्हणालं. हॉल खिदळला.

शास्त्रज्ञ पण हसले. चांगले गृहस्थ होते, प्रेमानंच हसले. मग मुलांकडं वळून म्हणाले, "बघा मुलांनो, डोक्याभोवती तेजोवलय देवांच्या कॅलेंडरवर असतं. गावाकडे असे समज असतात. ही निरागसता आहे. पण विज्ञानाचं काम माणसाला अशा समजुतींतून बाहेर काढायचं."

टाळ्या पडल्या.

मी देवाचं नाव घेतलं नव्हतं. भुताचं घेतलं नव्हतं. मी जे डोळ्यांनी बघितलं ते सांगितलं होतं आणि का म्हणून विचारलं होतं. ज्याला ते ठाऊक नव्हतं, त्यानं मला अडाणी ठरवलं. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सरांचं तेवढ्यानं भागलं नाही. म्हणाले, "आणि 'पन' नाही. पण. बाणातला ण. म्हण."

मी म्हणाले, "पन."

"आधी ण शीक. फिजिक्स नंतर बघू. जा, कप भर."

मी कप भरले. शास्त्रज्ञांना पहिला कप मीच दिला. त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "साखर कमी आहे ना?"

मी म्हणाले, "व्हय."

*

आता ते कडं काय ते सांगते.

आमचं गाव गुंजवणे. राजगडाच्या पायथ्याला. तालुका वेल्हे, आता राजगड तालुका म्हणतात. नाव बदललं, एसटी तेवढीच येते. आमची भाताची खाचरं धरणात गेली. बदल्यात दुसरीकडं जमीन मिळणार होती. माझ्या जन्माआधीपासून मिळणारच आहे. आबा, म्हणजे माझे वडील, मार्गासनीच्या बाजूला एका पुणेकराच्या फार्महाऊसवर राखणदार आहेत. आई गडावर ताक विकते. सुट्टीच्या दिवशी ट्रेकर येतात, त्यांच्या आधी वर पोचावं लागतं. म्हणून पहाटे अंधारातच डोक्यावर कॅन घेऊन चढायचं. चोरदरवाज्याची वाट. लहानपणापासून मी तिच्याबरोबर जाते. ग्लास आणि मीठ-जिऱ्याचा डबा माझ्याकडं.

आठवीत असेन. पावसाळा नुकता सरला होता. आम्ही पद्मावती माचीवर पोचलो तेव्हा ऊन पाठीवर आलं आणि खाली सगळं पांढरं. धरण नाही, गाव नाही, नुसता धुक्याचा कापूस. मी कडेला उभी राहिले. धुक्यावर माझी लांब सावली पडली. डोक्याभोवती रंगाची बांगडी. आत निळसर, बाहेर तांबूस.

मी ओरडले, "आई, बघ! माज्या डोस्क्याभवती काय हाय!"

आई आली, शेजारी उभी राहिली. म्हणाली, "तुज्या कुठं? माज्या डोस्क्याभवती हाय की."

"न्हाई, माज्या!"

"आंधळी का काय तू? ही बघ माजी सावली, हे बघ कडं. तुजी सावली नुसती काळी."

मला तिची काळी दिसत होती. तिला माझी. दोघी खरं बोलत होतो आणि दोघी भांडत होतो. आई वैतागून ताक ढवळायला गेली. मी तिथंच. धुकं उडून जाईपर्यंत हात हलव, मान हलव, बस, उठ. कडं माझ्या डोक्याला सोडेना.

दिवसभर मी आल्यागेल्याला विचारलं. एका ट्रेकरनं सांगितलं, इंद्रधनुष्य आहे. मी म्हणाले, इंद्रधनुष्य एवढं मोठं असतं, हे एवढंसं, आणि ते सगळ्यांना एकच दिसतं. तो म्हणाला, "मी इंजिनियर आहे. तुला नाही कळायचं ते. एक ताक दे."

त्या दिवसापासून मला फिजिक्स पाहिजे. डॉक्टर नको, कलेक्टर नको. हेच. कुणी प्रेरणा दिली नाही, कुणी पुस्तक हातात ठेवलं नाही. मला एक गोष्ट दिसली आणि तिचं कारण कुणी सांगेना. एवढंच.

दहावीला चांगले मार्क पडले. वेल्ह्याकडच्या पाहुण्यांनी सांगितलं, आर्ट्स घे, पोलीस भरती कर. चुलते म्हणाले, नर्सिंगला टाका, लगीन जमायला बरं. मी भोरला सायन्सला गेले. आबांची बहीण, माझी आत्या, उत्रोलीला आहे. भोरला लागूनच गाव. तिच्याकडं राहायचं, तिच्या म्हशींचं शेण काढायचं, भांडी घासायची आणि कॉलेजला चालत जायचं. आत्या म्हणायची, "शीक बाई, पर घरातलं आवरून शीक."

पहिली ते दहावी मराठीत शिकलेली मी. अकरावीचं फिजिक्स इंग्रजीत. पहिले काही महिने पुस्तकातल्या प्रत्येक ओळीत दगड होते. एकेक दगड उचलून बाजूला टाकायचा आणि पुढं जायचं. सर शिकवताना भोरातल्या मुलांकडं बघून शिकवायचे. प्रयोगशाळेत उपकरणाला हात ती मुलं लावायची. आम्ही उभं राहून बघायचं आणि शेवटी टेबल पुसायचं. "तुमच्याकडून मोडलं तर कोण भरणार?" हे सरांचं ठरलेलं वाक्य. वर्षभरात मोडलेली सगळी उपकरणं भोरातल्या मुलांनी मोडली. त्यांना कुणी विचारलं नाही.

*

व्याख्यानाच्या दिवशी संध्याकाळी मी आत्याचा मोबाईल मागितला. ओट्यावर बसून शोधायला लागले. धुकं, सावली, रंगीत कडं. फोटो निघाले. एक नाही, पुष्कळ. विमानातून काढलेले, डोंगरावरून काढलेले. अगदी तेच. आपल्याकडं त्याला इंद्रवज्र म्हणतात. इंग्रजीत ग्लोरी. धुक्याच्या बारीक थेंबांत शिरलेला उजेड आल्या वाटेनं मागं फिरतो. सूर्य आपल्या पाठीशी, म्हणून फिरलेला उजेड आपल्याच डोळ्यांकडं येतो. शेजारी उभ्या माणसाच्या डोळ्यांकडं येणारा उजेड वेगळा. तो त्याचा. म्हणून ज्याचं त्याला कडं.

आई खरं बोलत होती. मी पण.

त्याचं सगळं गणित फार अवघड आहे, मोठमोठ्या लोकांनी त्यावर वर्षं घातलीत, असंही त्यात होतं. म्हणजे प्रश्न येड्याचा नव्हता. मला हसू आलं. मग हसता हसता राग आला. हॉलमधल्या त्या सगळ्यांपेक्षा माझं डोस्कं बरोबर चाललं होतं. आणि चहा मीच दिला होता.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडं गेले. स्टाफरूममध्ये डबा खात होते. मी मोबाईल पुढं धरला. सगळं सांगितलं. यावेळी ण सांभाळून सांगितलं. मला दोन भाषा येतात. त्यांची आणि माझी. सरांना एकच येते, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं. त्यांनी कधी ते ओझं वागवलंच नाही.

सरांनी फोटो मोठे करून बघितले. घास चावत राहिले. म्हणाले, "हं. इंटरेस्टिंग आहे. बरं, जा वर्गात."

शाबास नाही. काल माझं चुकलं, असंही नाही. नुसतं जा.

थोड्या दिवसांनी वर्गात सरांनी जाहीर केलं. विज्ञान प्रदर्शनासाठी आपल्या कॉलेजचा विषय ठरलाय. राजगडावरचं इंद्रवज्र. प्रकल्प करणार सानिका. सानिका म्हणजे भोरातल्या मोठ्या वकिलांची मुलगी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून उभी राहिले.

"सर, हा प्रश्न माझा आहे."

"प्रश्न कुणाचा नसतो. विज्ञान सगळ्यांचं असतं." सर फळ्याकडं वळून बोलले. "आणि परीक्षकांसमोर बोलायचं असतं. तुझ्या उच्चारांचं काय करायचं? तू नाराज होऊ नकोस. तुझ्यासाठी काम ठेवलंय. तू तिथली आहेस. वाट तू दाखवायचीस."

सानिका पुढच्या बाकावर होती. तिनं मान वळवली नाही.

नाही म्हणता आलं असतं. म्हणाले नाही, कारण ते वकील आमचेच वकील होते. बुडालेल्या जमिनीच्या बदल्यात जमीन मिळावी, ही आमची आणि आमच्या भावकीची केस त्यांच्याकडं होती. आबांना आत्यानं फोनवर सांगितलं तर आबा खूश झाले. "वकीलसायबांची पोर आपल्या गडावर येनार! नीट ने. काय कमी पडू देऊ नको."

*

ते शनिवारी संध्याकाळी गाडीतून आले. वकीलसाहेब, सानिका, सर. एका रिसॉर्टवर राहिले. रविवारी पहाटे मी आणि आई त्यांच्या वाटेवर उभ्या होतो. आईच्या डोक्यावर ताकाचा कॅन. सरांनी कॅमेऱ्याच्या स्टँडची पिशवी माझ्या खांद्याला अडकवली. मग सानिकाची सॅक पण. म्हणाले, "हिला सवय नाही ना."

मी चढले. पुढं मी, मागं ते. कातळाच्या टप्प्यावर सानिकाला हात मी दिला. तिचा हात थंड होता. ती हळूच म्हणाली, "थँक्यू." तेवढंच आमच्यात बोलणं.

माचीवर पोचलो तेव्हा उजाडलं होतं. आई तिच्या नेहमीच्या जागेला गेली. आणि खाली धुकं. धरणाच्या पाण्यावरून उठलेलं, दाट, कडेपर्यंत आलेलं. पाठीमागून ऊन चढलं. मी कडेला गेले. कुठं उभं राहिलं की दिसतं ते मला माहीत होतं. तिथंच उभी राहिले.

"हितं या," मी म्हणाले.

ते आले. सरांनी खाली वाकून बघितलं. सानिका म्हणाली, "बाबा, माझ्या डोक्याभोवती!" वकीलसाहेब म्हणाले, "नाही गं, माझ्या." सगळे हसले. आता ते निरागस नव्हतं, आता ते विज्ञान होतं. सरांनी घाईनं कॅमेरा लावला. स्टँड उभा केला. काचेत बघितलं. मग डोकं वर काढलं.

"तू जरा बाजूला हो. तुझी सावली फोटोत येतेय."

मी ऐकलं. पण पाय हलले नाहीत. आधी मी ठरवून उभी राहिले नव्हते, खरंच. पाय आपले तिथं होते.

"ऐकलंस का? हल तिथून. सावली येतेय तुझी."

खाली बघितलं. धुक्यावर माझी सावली. त्या धुक्याखाली धरण. धरणाखाली आमची खाचरं. आजीनं बांध घातलेली, आबांनी नांगरलेली. वाट माझी. प्रश्न माझा. ओझं माझ्या खांद्यावर. आणि मला सांगत होते, सावली काढून घे.

"न्हाई हलनार," मी म्हणाले.

"काय?"

"न्हाई हलनार सर. प्रश्न माजा हाय. ज्या जमिनीवर सावली पडलीया ती बी आमचीच हाय. फोटो काढायचा तर सावलीसकट काढा."

सरांनी माझा दंड धरला आणि ओढलं. कड्याच्या टोकावर. मी हात झटकला. "हात लावायचा न्हाई," म्हणाले. एवढ्या मोठ्यानं की देवळाकडचे ट्रेकर बघायला लागले.

वकीलसाहेबांनी आईकडं बघितलं. आवाज मऊ होता. "बाई, तुमची ना ही? बाजूला घ्या तिला. तुमच्या जमिनीचं आम्हालाच बघायचंय ना?"

आई ताकाचा ग्लास भरत होती. तिनं ऐकलं. मला माहीत आहे तिनं ऐकलं, कारण ग्लास भरून वर सांडला. पण ती उठली नाही. मला हाक मारली नाही. सांडलेलं ताक तिनं पदरानं पुसलं आणि दुसरा ग्लास घेतला.

मी उभी राहिले. सर डावीकडं गेले, उजवीकडं गेले. माची तिथं अरुंद. सगळ्या फोटोंत एक काळी सावली आली. हळूहळू ऊन तापलं. धुकं फाटलं, विरलं, आणि खाली धरणाचं पाणी चकाकायला लागलं. कडं गेलं.

मी खांद्यावरची सॅक काढून सानिकाच्या पायाशी ठेवली. स्टँडची रिकामी पिशवी सरांच्या पायाशी.

"तुमचं तुमी न्या. आला त्याच वाटंनं उतरा."

आणि आईजवळ जाऊन ग्लास धुवायला बसले. आई एवढंच म्हणाली, "मीठ संपलंय." मी डब्यातलं मीठ काढून दिलं.

*

मग जे व्हायचं ते झालं.

आबांना कॉलेजात बोलावलं. फार्महाऊसच्या मालकाकडून सुट्टी मागून ते आले. इस्त्रीचा सदरा घातला होता. स्टाफरूममध्ये खुर्च्या होत्या, त्यांना कुणी बस म्हणालं नाही. सर म्हणाले, "तुमच्या मुलीनं वकीलसाहेबांचा अपमान केलाय. माझा केलाय. वर्गासमोर माफी मागेल तर ठीक, नाहीतर प्रॅक्टिकलचं मी बघतो."

आबांनी हात जोडले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "लहान हाय सायेब. चुकली. म्या मागतो माफी तिच्या वतीनं." आणि वाकले. माझ्यापेक्षा वयानं थोड्याच मोठ्या असलेल्या शिपायादेखत वाकले.

त्या दिवशी मला कळलं की आपल्याला मारायला हे लोक आपल्याला हात लावत नाहीत. आपल्या बापाला वाकवतात.

"म्या माफी मागनार न्हाई," मी म्हणाले.

"गप्प बस," आबा म्हणाले.

"न्हाई मागनार."

जिन्यात आबांनी माझ्या कानफटात दिली. आयुष्यात पहिल्यांदा. थोड्याच दिवसांत वकीलसाहेबांनी केस सोडली. दुसरा वकील बघा, एवढाच निरोप. भावकी आमच्या दारात जमली. चुलते माझं नाव घेऊन शिव्या देत होते. आबा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "जिमीन एकदा धरणानं बुडवली. दुसऱ्यांदा तू."

हे वाक्य मी अजून अंगावर घेऊन फिरते.

सानिकानं इंटरनेटवरचे फोटो लावून प्रकल्प केला. तालुक्यात नंबर आला. बक्षीस घेऊन आल्यावर ती मला जिन्यात भेटली. "मला आधी माहीत नव्हतं गं, प्रश्न तुझा होता ते."

मी विचारलं, "त्या दिवशी म्या वर्गात उभी राह्यले, तवा कळलं नव्हतं?"

तिनं बक्षीस दुसऱ्या हातात घेतलं.

"गडावर कळलं?"

"हो."

"मग?"

ती रडायला लागली. मी तिला रडू दिलं आणि वर्गात गेले. तिचे डोळे पुसायचं काम पण माझंच, असं मला वाटलं नाही.

सरांनी प्रॅक्टिकलच्या बॅचमधून मला खरंच बाहेर ठेवलं. तुझी जागा नाही, म्हणाले. मी प्राचार्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. पहिल्या दिवशी त्यांना वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी मीटिंग होती. मी येत राहिले. शेवटी कंटाळून त्यांनी सरांना बोलावलं आणि म्हणाले, "घ्या हो तिला, दारातून हलत नाही ही." न्याय म्हणून नाही घेतलं. कटकट नको म्हणून घेतलं. चालेल. मी आत गेले आणि पहिल्यांदा स्वतःच्या हातानं लंबक सोडला. सर बाजूला उभे होते, मोडायची वाट बघत. मोडला नाही.

*

आता बारावी आहे. माझं ठरलंय. पुण्याला बी.एस्सी. फिजिक्स. विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षाही देणार. मग एम.एस्सी., मग संशोधन. उजेडावर काम करायचंय मला. वाट लांब आहे, इंग्रजी कच्चं आहे, पहिल्या फेरीत नंबर न लागायची भीती आहे. हे सगळं मला माहीत आहे. कुणी आठवण करून द्यायची गरज नाही.

परवा आबा उत्रोलीला आले. माझ्याशी धड बोलत नाहीत, पण आले. आत्याच्या ओट्यावर बसले. चहाला हात लावला नाही.

"वकीलसायबांचा निरोप हाय. कुनीतरी मधी पडलं. पोरीनं वर्गापुढं एकडाव माफी मागितली तर केस परत हातात घेत्यात." मग म्हणाले, "एकच शबूद हाय पोरी. तोंडातून काढायचा आन् सोडून द्यायचा. आमी आयुष्यभर त्येच केलं."

आत्या म्हणाली, "म्हन की. काय झिजतंय?"

मी आबांसमोर खाली बसले. त्यांच्या डोळ्यांत बघितलं. मला त्यांची कीव येत नव्हती. रागही नव्हता.

"आबा, जिमीन हक्काची हाय. माज्या माफीच्या बदल्यात मिळाली तर ती भीक व्हईल. आज माफी मागितली तर उद्या आनिक काय तरी मागतील. शिकू नको म्हनतील. तवा काय करायचं?"

"मग जिमीन?"

"म्या जाते पुनर्वसनाच्या हापिसात. म्या बोलते."

"तू? तुला कोन इचारतंय तितं?"

"कोन न्हाई इचारत. म्या इचारते त्यांला."

आबा उठले. चप्पल घातली आणि एसटी गाठायला निघून गेले.

आज मी त्या ऑफिसात आले आहे. कॉलेज बुडवून. टेबलामागच्या माणसानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "घरातलं मोठं माणूस पाठव. साहेब असल्यातसल्याला भेटत नाहीत."

मी म्हणाले, "आमच्या गावची जिमीन कुठवर आली, एवढंच इचारायचं हाय. सायबांनाच इचारनार."

"मग बस दिवसभर."

बाकावर बसले. पिशवीतून फिजिक्सचं पुस्तक काढलं आणि वाचायला लागले. पुढच्या आठवड्यात चाचणी आहे. तो माणूस मधूनमधून माझ्याकडं बघतोय. त्याला वाटतंय मी कंटाळून जाईन.

माफी मी मागणार नाही. फिजिक्स सोडणार नाही. जमीनही सोडणार नाही. यातलं एक निवड, असं मला सगळे सांगतायत. ज्यांना कधी काही निवडावं लागलं नाही, तेच सांगतायत.

साहेब आत आहेत. दार बंद आहे. मी बसले आहे.